सुटका पथक येईपर्यंत

आमच्या धाकटीला सूचना वाचायचं वेड आहे. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं कपडे धुवायच्या मशीनचं पुस्तक माळ्यावरून शोधून काढलं आणि मला म्हणाली, "ताई, आपण सहा वर्षं साबण चुकीच्या कप्प्यात घालतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आलीस कधी आणि बोलतेस काय! पण दुसऱ्या दिवसापासून कपडे खरंच स्वच्छ निघायला लागले, तेव्हा गप्प बसले. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलेलं असलं की ही मोजून वीस वेळा हलवणार. सासूबाई म्हणायच्या, "अगं, औषध आहे ते, बाळ नाही." हिच्यावर ढिम्म परिणाम नाही.

आधी ती एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. त्यानं तिला काढलं. का, तर दुसऱ्यांनी दोनच भोकांतून दोरा घालून लावलेली बटणं ही उसवून चारही भोकांतून लावत बसायची. गिऱ्हाईक खोळंबलेलं आणि ही बटणं उसवतेय! तेव्हा मीच आमच्या हेडसरांकडे शब्द टाकला. मी शाळेत कारकून आहे, बावीस वर्षं झाली. शाळेला एका मुलीसाठी मदतनीस हवी होती आणि मदतनीसाच्या कामाची सूचनांची अकरा पानं होती. मी म्हटलं, ही आमच्या धाकटीची नोकरी.

ती मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत. चाकाच्या खुर्चीत असते. बोलते, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा वर येतो, मध्ये थांबावं लागतं. डोकं मात्र असं तल्लख की भले भले मास्तर तिच्या वाटेला जात नाहीत. हुकूम सोडायची सवय, म्हणून सगळी शाळा तिला बाईसाहेब म्हणते.

धाकटीचं काम काय, तर पानं उलटायची, पट्टी धरायची, नळीनं पाणी पाजायचं, दर तासाला तिची बसायची बाजू बदलायची, नाहीतर कातडी सोलवटते. जेवण भरवायचं, पण पुढचा घास कशाचा ते बाईसाहेब ठरवणार. आणि लिहायचं. ती सांगेल तेच लिहायचं, चुकलेलं असलं तरी. एकदा 'सात आठे चोपन्न' लिहून धाकटी घरी आली आणि तिचं चित्त थाऱ्यावर नाही. पोळी करपवली, माझ्याशी भांडली. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी आपली चूक आपणच पकडली, तेव्हा कुठे हिच्या जिवात जीव आला.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या शाळेत वर्षातून तीनदा आगीचा सराव होतो. मोठी घंटा वाजली की सगळ्यांनी रांगेनं मैदानात यायचं. लिफ्ट बंद करायची, कारण आगीत लिफ्ट वापरत नाहीत. बाईसाहेबांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मग ती कशी उतरणार? त्याची सोय आगीच्या सूचनापत्रात होती. कलम सहा: ज्या विद्यार्थ्याला जिना उतरता येत नाही त्याने मदतनीसासह जिन्याच्या तोंडाशी आखलेल्या लाल चौकोनात थांबावे. दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजवावी. सुटका पथक येईपर्यंत जागा सोडू नये.

तर दर सरावाला या दोघी लाल चौकोनात थांबायच्या. चार मिनिटांत मैदान भरायचं, हेडसर म्हणायचे, "सगळे बाहेर ना?" आणि मी वहीत लिहायचे, 'तीनशे बारा, सर्व बाहेर.' पहिल्या वेळी मी विचारलं होतं, वरच्या दोघींचं काय? सर म्हणाले, "अहो, त्या सुरक्षित जागेत आहेत, म्हणजे बाहेरच की." मला ते पटलं. लाज वाटते सांगायला, पण पटलं. मग सराव संपल्याची घंटा व्हायची, लिफ्ट सुरू व्हायची आणि या दोघी गुपचूप वर्गात जाऊन बसायच्या. असे अकरा सराव झाले.

अकराव्या सरावानंतर धाकटी घरी वाटाणे सोलायला बसली, मांडीवर सूचनापत्र.

"ताई, सुटका पथक म्हणजे कोण?"

"माळी आणि खेळाचे सर."

"माळी तर निवृत्त होऊन चार वर्षं झाली."

"मग खेळाचे सर."

"ते मैदानात मुलं मोजतात."

"अगं, सराव असतो तो! कोणी कशाला वर येईल?"

तिनं एक शेंग हातात धरली ती धरलीच. म्हणाली, "आज तिनं मला विचारलं, मावशी, सरावात कोणी येत नाही, मग खऱ्या आगीत कसे येतील? त्यांना सवयच नाही." मी म्हटलं, "वाटाणे सोल."  

बाराव्या सरावाला सुरक्षा खात्याचा अधिकारी आला. शाळेला प्रमाणपत्र द्यायचं की नाही हे तो ठरवणार होता. किडकिडीत माणूस, खिशाला दोन पेनं, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ. हेडसरांनी तीन दिवस आधीपासून नवा शर्ट राखून ठेवला होता.

घंटा झाली. मुलं बाहेर आली. तीन मिनिटं पन्नास सेकंद! सर खूश. मी वही पुढे केली. तेवढ्यात वरून शिट्टी वाजली. लांबलचक.

"हे कोण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"एक विद्यार्थिनी आहे. सुरक्षित जागेत," सर म्हणाले.

"म्हणजे आत."

"आत, पण कागदावर बाहेर."

अधिकाऱ्यानं खिशातून आपलं सूचनापत्र काढलं, कलम सहावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सुटका झाल्याशिवाय सराव संपत नाही. घड्याळ चालू आहे." मी मनात कपाळाला हात लावला. धाकटीच्याच कुळातला निघाला की हा!

सरांनी मला खेचलं. "चला, तुमची जाऊ आहे, समजवा तिला." आम्ही दोघं धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर पोचलो. लाल चौकोनात बाईसाहेब खुर्चीत, खुर्चीला ब्रेक लावलेला, धाकटी शेजारी ताठ उभी, हातात शिट्टी. आम्हाला बघून ती दचकलीच.

"सर, तुम्ही वर कशाला आलात? आग लागलीय!"

"आग नाही लागलेली!"

"सरावात लागलीय. आणि ताई, तूसुद्धा? तुझे गुडघे काय, तू आलीस काय!"

खालून अधिकारी ओरडला, "दोन माणसं आगीत परत शिरली, अशी नोंद करतोय!"

सरांनी रुमालानं मान पुसली. "मी मुख्याध्यापक म्हणून सांगतो, तुमची सुटका झाली. या आता."

बाईसाहेब म्हणाल्या, "मी... अजून... इथेच... आहे."

मग सर आवाज खाली आणून धाकटीला म्हणाले, "तुमचं पुढच्या वर्षाचं नेमणुकीचं पत्र माझ्या सहीनं निघतं, विसरू नका." धाकटीचा चेहरा पडला. नोकरी तिला किती हवी होती ते मला माहीत आहे. पण ती म्हणाली, "हो सर. त्याच पत्रात लिहिलंय, मुलीला कोणत्याही परिस्थितीत एकटं सोडू नये."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तर बाईसाहेबांनी मलाच गाठलं.

"ऑफिसच्या... बाई. तुम्ही... मला... वहीत... कुठे... लिहिता?"

"तीनशे बारात," मी म्हटलं.

"मग... मी... खाली... दिसते... का?"

अकरा वर्षांची पोर. रडली नाही, चिडली नाही, नुसतं विचारलं. मला कोणीतरी सणसणीत थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. अकरा वेळा मी या पोरीला आणि माझ्याच घरातल्या माणसाला आगीत ठेवून 'सर्व बाहेर' लिहिलं होतं, आणि वर सुबक अक्षरात सही.

"कलम नऊ," धाकटी म्हणाली. "जिन्यावरून उतरवायची घडीची खुर्ची, एक नग. कार्यालयात."

"अशी काही खुर्ची नाही आपल्याकडे," सर म्हणाले.

"मिळाल्याची सही आहे, सर." तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. "ताईची."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार वर्षांपूर्वी एक लांबट खोकं आलं होतं. मी सही करून ते खिडकीखाली ठेवलं. उंची बरोबर होती, म्हणून त्यावर टेबलक्लॉथ घातला, आणि त्या दिवसापासून आमचा चहाचा ट्रे त्यावर असतो. चार वर्षं आम्ही त्या पोरीच्या सुटकेवर कप-बशा ठेवत होतो!

गुडघे विसरून मी खाली धावले. आगीत परत शिरण्याची माझी किती वेळा नोंद झाली ते अधिकाऱ्यालाच ठाऊक. कप-बशा खिडकीत ठेवल्या, टेबलक्लॉथ ओढला. खोक्यावर चहाचे डाग, आणि डागांखाली जिन्याचं चित्र. खेळाच्या सरांना मैदानातून बकोटीला धरून आणलं आणि दोघांनी खोकं वर नेलं. त्यांची कंबर धरलेली आणि माझे गुडघे गेलेले. असं आमचं सुटका पथक.

खुर्ची काही उघडेना. सर म्हणाले, इकडून ओढा, खेळाचे सर म्हणाले, तिकडून. धाकटी म्हणाली, "थांबा, वाचते." आणि वाचायला लागली. पहिली सूचना ऐकली, लाल कडी सुटली. दुसरी ऐकली, पाठ उभी राहिली. एरवी ज्या आवाजाला मी घरात कान झाकते, तो आवाज त्या दिवशी मी शहाण्या मुलीसारखी ऐकत होते. सातव्या सूचनेला बाईसाहेबांना उचलून त्या खुर्चीत बसवलं, पट्टे बांधले. खेळाच्या सरांनी मागची मूठ धरली, मी पुढून, उलट्या पावली.

बेचाळीस पायऱ्या. खुर्चीच्या खालचा पट्टा पायरी-पायरीवर घसरत होता, हिसका देत होता. पहिल्या वळणावर बाईसाहेबांनी डोळे गच्च मिटले आणि धाकटीची बाही दातांत धरली. घाबरली होती. मीही घाबरले होते. धाकटी वाचत होती, "वळणावर थांबावे. बसलेल्या व्यक्तीशी बोलावे." मी काय बोलू? म्हटलं, "बाईसाहेब, गेली चार वर्षं या खुर्चीवर आमचा चहा असायचा हो." तिनं एक डोळा उघडला, बाही सोडली.

"मग... हळू... धरा. मी... कप... नाही."

खेळाचे सर असे हसले की त्यांची कंबर मोकळी झाली. पुढच्या पायऱ्या उतरताना मी एकेक पायरी मोजत होते.

मैदानात मुलांनी तोपर्यंत तीन डाव कबड्डी खेळून घेतली होती. अधिकाऱ्यानं घड्याळ थांबवलं. एक तास एकोणपन्नास मिनिटं. मी वही उघडून हजेरी घेतली, पहिल्यापासून. शेवटचं नाव बाईसाहेबांचं. 'हजर' हा शब्द वर यायला तिला वेळ लागला आणि तीनशे अकरा मुलं गप्प उभी राहिली. "हजर," ती म्हणाली. मी आकडा लिहिला.

प्रमाणपत्र अर्थातच मिळालं नाही. अधिकारी म्हणाला, वर्ग तळमजल्यावर आणा. सर म्हणाले, तिथे कार्यालय आहे, कार्यालय वर कसं नेणार, कागद फार आहेत. अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "कागद जळले तर पुन्हा लिहिता येतात, साहेब."

धाकटीच्या पत्रावर सही करताना सरांनी तोंड वाकडं केलं, पण केली. आणि आमचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर गेलं. कपाटं, कागद, चहाचा ट्रे आणि मी. रोज बेचाळीस पायऱ्या चढते आणि रोज धाकटीच्या नावानं खडे फोडते. ती म्हणते, "ताई, कठडा धरून चढायचं, तसं लिहिलंय भिंतीवर."

तेरावा सराव झाला तो महिन्याभरानं. घंटा झाली, मी कपाट बंद करायला गेले, चावी सापडेना, मग कठडा धरून एकेक पायरी. पहिल्या मजल्यावर गुडघ्यानं असहकार पुकारला. मी खालीच बसले. मनात म्हटलं, संपला असेल सराव, गेले असतील सगळे वर्गात. आपल्यासाठी कोण थांबतंय?

कशीबशी दारात आले, तर सगळं मैदान उन्हात उभं. पुढे बाईसाहेब, खुर्चीच्या फळीवर माझी वही उघडलेली, सरावाला ती आता तिच्याच ताब्यात असते, शेजारी पेन घेऊन धाकटी. हेडसर हातातल्या घड्याळाकडे बघून कळवळून सांगत होते, "अहो, येतीलच त्या, धरा बाहेर, करा बंद एकदाची वही!"

"नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "एक... बाकी... आहे."

मी लंगडत तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं, मी अख्खी बाहेर आले की नाही बघावं तसं. मी 'हजर' म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. ती थांबली. एका शब्दाला किती वेळ लागू शकतो, हे तिला माहीत होतं.

"हजर," मी म्हटलं.

मग ती धाकटीकडे वळली. "आता... लिही." आणि धाकटीनं लिहिलं.