अक्कांचं उकळलेलं पाणी

आख्ख्या कोल्हापुरात नळाचं पाणी कुणाला घाबरत असेल, तर ते आमच्या समोरच्या अक्कांना. सकाळी पाणी आलं की बोळातल्या इतर बायका नळाला घागरी लावत. अक्का आधी पेला लावत. तो उजेडाकडे धरून एक डोळा मिटत, मग वास घेत, आणि भुरट्या चोराला ताकीद देऊन सोडावं तशा चेहऱ्यानं पाणी आत नेत. पुढं त्या पाण्याचे जे हाल होत ते बघवत नसत. आधी तुरटी, मग जुन्या धोतराचं चौपदरी फडकं, मग मोठ्या पातेल्यात खळखळून उकळी. नव्वद सालच्या आसपास मुलानं हौसेनं स्टीलचा फिल्टर आणला, तर त्यातून निघालेलं पाणी अक्का पुन्हा उकळू लागल्या. "त्या फिल्टरला कुणाकुणाचं हात लागल्यात, कुणाला ठावं?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या यजमानांचं किराणा दुकान होतं. अबोल गृहस्थ. एकदा मला हळूच म्हणाले, "लगीन झाल्यापास्नं गार पाणी कसं लागतंय ते मी इसरलोय बघा."

अक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. मला त्या 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ, आणि हक्कही तसाच गाजवत. लग्नाकार्याला निघाल्या की अंगावर इरकल लुगडं आणि हातात घरच्या पाण्याचा फिरकीचा तांब्या. पंगतीत पाणी वाढणारा आला की पेल्यावर तळहात ठेवून त्याला विचारत, "पाणी कुठलं हाय?" तो बिचारा "पिंपातलं" म्हणे. "आणि पिंपात कुठलं?" यावर तो पुढच्या पानाकडे पळे.

त्यांच्या मुलीला उचगावचं स्थळ आलं तेव्हा मीही सोबत गेलो होतो. मुलगा नोकरीचा, माणसं सरळ. पोहे झाले, चहा झाला (अक्कांनी तो 'उकळलेला असतोय' म्हणून घेतला), आणि सगळे देण्याघेण्याच्या बोलण्याकडे वळणार तोच अक्का दिसेनात. त्या गच्चीवर गेल्या होत्या. खाली आल्या त्या पदर खोचूनच. "पोरगं लाखात एक हाय. टाकीला झाकण न्हाय."

मुलाचे वडील चक्रावले. "पावणं, लगीन पोराशी लावायचं का टाकीशी?"

"पोराशीच. पण पोरगी टाकीतलं पिणार न्हवं का?"

स्थळ जातंय असं मला वाटलं. पण मुलगा खरोखरच लाखात एक निघाला. आठवडा उलटायच्या आत त्यानं स्वतः टाकी घासली, झाकण बसवलं आणि अक्कांना बघायला बोलावलं. मगच सुपारी फुटली.

मग एका उन्हाळ्यात आमच्या बोळातल्या पाण्याला वास येऊ लागला. बघता बघता घरोघरी काविळीचे डोळे दिसू लागले. माझी बायकोही आजारी पडली. अन्न जाईना, उठवेना. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवायची भाषा काढली आणि मी हबकलो. अक्कांनी पाणीखात्याच्या ऑफिसात जाऊन असा आवाज लावला, की दुसऱ्या दिवशी एक तरुण इंजिनिअर जीपमधून हजर झाला. त्यानं छोट्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पाणी पिवळसर झालेलं दाखवलं आणि म्हणाला, "क्लोरीन आहे. पाणी चांगलं आहे."

अक्कांनी नळाखाली पेला भरला आणि त्याच्यापुढं धरला. "मग प्या की."

पोरगाही इरेला पेटला. त्यानं पेला घेतला, ओठाला लावला, आणि अक्कांनी तो फटकन हिसकावून पाणी गटारात ओतलं. "खुळा हायस व्हय? आईबापानं एवढं शिकीवलं ते ह्यासाठी?"

तो पायरीवर मटकन बसला. अक्कांनी आतून उकळलेलं पाणी आणून दिलं. ते पिऊन त्यानं फक्त एवढंच विचारलं, "खणायला कुठून सुरुवात करू?"

बोळ तीन-चार जागी खणला. शेवटी दोष सापडला तो अक्कांच्याच परसात. त्यांच्या संडासाचा पाईप तडकला होता, त्याच्याखालून बोळाला पाणी देणारा नळाचा गंजका पाईप जात होता, आणि पाणी बंद असताना घाण आत ओढली जात होती. खड्ड्याच्या काठावर अक्का किती तरी वेळ उभ्या होत्या. "जुनी लाईन आहे अक्का, तुमचा काय दोष?" इंजिनिअर म्हणाला. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांच्या कानात शिरलं नसावं.

त्या दिवसापासून अक्का दोन्ही हातांत उकळलेल्या पाण्याच्या कळश्या घेऊन बोळभर हिंडू लागल्या. कुणी विचारलं तर, "माझ्या घरची घाण तुमच्या पोटात गेली," एवढंच. लोक हसून सोडून देत. आमच्याकडे मात्र त्या बसूनच राहत. माझ्या बायकोला पेज भरवत, तोंड पुसत, आणि ती झोपली की स्वयंपाकघरात जाऊन डोळ्याला पदर लावत. बायको उठून अंगणात आली त्या दिवशी अक्कांनी आख्ख्या बोळाला शिरा वाटला.

पुढं यजमान गेले आणि मुलानं त्यांना पुण्याला नेलं. एकदा कामानिमित्त गेलो तेव्हा भेटलो. उंच इमारत, चकचकीत घर. अक्का वाळल्या होत्या. बोळातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारत होत्या. मी विषय बदलावा म्हणून पाण्याचं विचारलं.

"हितं चोवीस तास पाणी येतंय, तम्मा."

"मग बरंय की अक्का."

"कशाचं बरं? पाणी भरायला कोण बाहेरच येत न्हाय."

निघताना मी नको नको म्हणत असतानाही त्या लिफ्टनं माझ्यासोबत खाली आल्या. रिक्षा सुरू झाली तेव्हा फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीवर टेकल्या होत्या, आणि त्याला त्याचं गाव कोणतं ते विचारत होत्या.