शेवटची सोळा पानं

रावजी ड्रायव्हरना झोप यायची ती खून ऐकूनच. चारचौघांत सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून यशोदाबाईंनी ती कधी कुणाला सांगितली नाही. रावजींना एस.टी.त लागून अकरा वर्षं झालेली, त्यातली पाच नाशिक-पेठ रस्त्यावर. रात्री डोळे मिटले की घाटातली वळणं समोर येत आणि अंथरुणात पडल्या पडल्या उजवा पाय ब्रेक दाबायचा. देवाचं नाव घेऊन झालं, डोक्याला तेल चोळून झालं. शेवटी एकदा यशोदाबाईंनी लायब्ररीतून रहस्यकथा आणून वाचून दाखवली, तेव्हा कुठं तो पाय थांबला. रावजींचं वाचन बसच्या पाटीपुरतं, यशोदाबाई मात्र सातवी पास. मग रोज नऊच्या सुमाराला, पोरी झोपल्या की एक प्रकरण ठरलेलं.

पण पुस्तक संपत आलं, की शेवट त्याच रात्री कळायला हवा. "खुनी मोकळा फिरतोय आन् मी कसा झोपू?" रावजी हसत म्हणायचे. हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते नव्हतं. शहात्तर साली एकदा शेवट राहिला. ते रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी घाटात त्यांची पापणी एवढीशी मिटली. चाक कडेच्या मुरमावर गेलं, खाली दरी, गाडीत त्रेपन्न माणसं. गाडी सावरली, कुणाला काही कळलंही नाही. रावजींनी ते फक्त बायकोला सांगितलं, तेही चार दिवसांनी, भाकरी मोडता मोडता.

त्यात पंचवटीतल्या धोंडीरामच्या लायब्ररीचा नियम वेगळाच. लोक दुकानात उभ्या उभ्या शेवट वाचून पुस्तक परत फळीवर ठेवायचे, म्हणून त्यानं प्रत्येक रहस्यकथेची शेवटची सोळा पानं उसवून, वर तपकिरी कागद शिवून, बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. पुस्तक वाचून परत केलं, की मगच त्याचा शेवट मिळायचा.

"धोंडीरामभाऊ, आम्ही इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक," यशोदाबाई म्हणायच्या.

"वहिनी, माझा तुमच्यावर विश्वास हाय. शेवटावर नाय."

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत त्या असाच एक शेवट आणायला गेल्या, तर दुकानाला कुलूप. शेजारचा म्हणाला, धोंडीराम कळवणला लग्नाला गेलाय, तीन दिवसांनी येईल. दुसऱ्या दिवशी रावजींची सकाळी सहाची पेठ होती. धुक्याचे दिवस. यशोदाबाईंनी कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग घरी आल्या, पोरींच्या शाळेच्या जुन्या अहवालाची पानं काढली आणि तपकिरी कागदात घालून टाचली.

"आणला का शेवट?" रावजींनी गोधडी ओढत विचारलं.

"आणला."

देवघराकडे त्यांनी पाहिलं नाही. मनात एवढंच म्हणाल्या, रागवायचं तर माझ्यावर रागव, गाडीवर नको.

मग शाळेच्या अहवालावर डोळे ठेवून त्या वाचू लागल्या. बंगल्यातल्या दिवाणसाहेबांना विष कुणी घातलं? पुतण्यानं, डॉक्टरनं, आचाऱ्यानं की कारकुनानं? यशोदाबाईंनी कारकून धरला. त्याच्या बहिणीच्या जमिनीचं एक जुनं वैर रचलं, पोलिसांना दारात आणलं, कारकुनाकडून कबुलीही घेतली. इतकं गोड जमलं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एरवी खुनी सापडला की रावजी वाद घालायचे, मी आधीच म्हटलं होतं म्हणायचे. आज त्यांनी नुसतं "हं" केलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. श्वास संथ चालला होता. यशोदाबाईंना हायसं वाटलं. त्याही झोपल्या.

पहाटे पाचला रावजी निघाले. डोळे तांबारलेले दिसले, तर म्हणाले, "चुलीचा धूर."

साडेपाचला नळ आला. बादली भरत आली आणि यशोदाबाईंचा हात तोटीवरच राहिला. पाणी. विहीर. कारकुनाला पाचव्या प्रकरणात विहिरीतून दोर लावून वर काढला होता. फुगलेला. दिवाणसाहेब मेले ते त्यानंतर. ज्याचं पिंडदान झालं त्याच्याकडून रात्री आपण कबुली घेतली, आणि एकही मेलेला माणूस कधी न विसरणारा हा नवरा नुसतं "हं" म्हणाला.

तो झोपलाच नव्हता.

त्यांनी शेजारच्या मैनाला पोरींकडे बघायला सांगितलं आणि तशाच निघाल्या. रस्त्यावर टांगा नाही, रिक्षा नाही. पुलावर धुकं इतकं, की खाली गंगा-गोदावरी दिसत नव्हती. चालता चालताच त्यांनी तिला हात जोडले. पदर सुटत होता, वहाणेचा अंगठा तुटला, तर वहाणा हातात घेतल्या. स्टँडच्या घड्याळात सहाला पाच कमी होते.

पेठची गाडी भरली होती. रावजी स्टिअरिंगवर बसले होते.

"अहो, खाली उतरा."

"काय झालं? पोरी बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत. रात्री झोपलात का?"

"झोपलो की."

"कारकून विहिरीत सापडला होता."

रावजींनी हातानं समोरची काच पुसली. मग हळूच म्हणाले, "पाचव्या प्रकरणात."

"धोंडीराम कळवणला लग्नाला गेलाय, दुकानाला कुलूप होतं. पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू एवढी जीव ओतून वाचत होतीस. म्हटलं, हिला तरी झोपू दे. तीनचे टोले ऐकले. चहा घेतलाय आता, जाईल गाडी."

"शहात्तरलाही जाईलच असं वाटलं होतं."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ड्रायव्हर, घरचं भांडण घरी ठेवा. आमची साक्ष हाय पेठच्या कचेरीत." कंडक्टर झुंबरनं घंटी दिली. रावजींचा हात गिअरकडे गेला, गेला तो तिथंच थांबला. यशोदाबाई दाराची कडी धरून उभ्या होत्या.

रावजी खाली उतरले.

कंट्रोलर पुंजाराम चहा पीत होता. "काय रावजी, वहिनी डबा घेऊन आल्या?"

"साहेब, माझी झोप नाय झाली. मी गाडी नेत नाय."

"आजारी लिहितो."

"आजारी नाय. झोप नाय झाली."

"अरे, अकरा वर्षांत एक शेरा नाही तुझ्यावर. हे असं लिहिलं तर वर जाईल."

"जाऊ द्या वर."

पुंजारामनं यशोदाबाईंकडे पाहिलं. "वहिनी, काय केलंत रात्रभर याला?"

"पुस्तक वाचलं," त्या म्हणाल्या. ऑफिसातली चारही माणसं हसली. यशोदाबाईंनी मान खाली घातली नाही.

दुसरा ड्रायव्हर शोधून गाडी सुटायला पाऊण तास गेला. पुंजारामनं रजिस्टर पुढं ओढलं. "आजचा एकच दिवस ना?"

"परवापर्यंत लिहा."

"परवा काय आहे?"

"कळवणचं लग्न आटपतंय," रावजी म्हणाले आणि सही करून बाहेर पडले.

घरी जाताना ते दोन पावलं मागं राहिले. पुलाच्या मध्यावर आल्यावर मागून आवाज आला. "डॉक्टरच असणार."

"गप चला," यशोदाबाई म्हणाल्या.