माझ्या शेवंतीला फुलं आली त्याची गोष्ट

लातुरात आमच्या क्लासजवळ एक बाग आहे. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी लावलेली, आणि आजपण तेच लोक सांभाळतात. माळी नाही, तिकीट नाही. हिवाळ्यात तिथली शेवंती बघायला आमच्या उदगीरहूनसुद्धा लोक येतात!

मी क्लाससाठी लातुरात राहायला आले त्या वर्षी पाऊस झालाच नाही. मग बागेत नियम निघाला: येताना तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बाटलीत आणायचं आणि एक रोप आपलं म्हणून सांभाळायचं. मी लगेच तयार! वाफ्याच्या कडेचं सगळ्यात हिरवंगार रोप पकडलं. मेसच्या मावशींच्या मागं लागून रोज बाटली भरून न्यायचे. रोपाला गुड मॉर्निंग म्हणायचे. खरंच म्हणायचे, हसू नका.

तिकडं आईचं फोनवर एकच. "तिथं नळाला पाणी न्हाई, घरी ये. तुला सोताचं जेवण टायमावर होईना, एकटी काय राहतीस?"

घरी गेले असते तर क्लास बुडाला असता. जोशात बोलून गेले, "माझ्या शेवंतीला फुलं आली तर राहू देशील?"

"बघू."

आणि आली ना फुलं! बारीक बारीक, पांढरी. झूम करून फोटो काढला, 'माझी लेक' लिहून फॅमिली ग्रुपवर टाकला. काकांनी हात जोडले, आत्यानं हार्ट टाकलं. आई तर रविवारी सरळ एसटीनं आली.

वाफाभर पिवळी शेवंती. मी थाटात माझं रोप दाखवलं. आई वाकली, आणि पदर तोंडाला लावून मटकन खालीच बसली.

"अगं बया, हे गाजरगवत हाय! जन्मभर रानातून हेच उपटत आले मी!"

"पानं तर सेम हायत..."

"हाताला खाज न्हाई सुटली?"

सुटली होती. मी साबण बदलला होता. दोनदा.

बाग सांभाळणारे एक आजोबा झारी घेऊन उभे होते. "मी उपटणार होतो ओ ताई. पण ही त्याला गुड मॉर्निंग म्हणती. हिंमत न्हाई झाली."

आईनं ते मुळासकट उपटलं. मी त्याला गुड बाय म्हणाले, शप्पथ.

"राहा इथंच," हात झटकत आई म्हणाली. "दुष्काळात जिनं गाजरगवत सुकू दिलं न्हाई, ती सोता कशाला सुकंल?"

ग्रुपवर मी अजून खरं सांगितलेलं नाही. आत्यानं तो फोटो वॉलपेपर ठेवलाय.