तिचा पाय घसरला नव्हता

निर्मला दामोदर भोईर, तुझा पाय घसरला नव्हता. हे सर्वांसमोर एकदा स्पष्टपणे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते... कारण भेटायला येणारा प्रत्येकजण तेच विचारतो.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, निर्मला माझी पत्नी. गेल्या महिन्यात ती गेली. आज सकाळी भिसेगावची आमची भाड्याची खोली मी रिकामी केली.

पहिल्यांदा तू पडलीस ती गावच्या घरी, अंगणात तांदूळ पाखडताना. उभी होतीस आणि पुढच्याच क्षणी आडवी... ना हाक, ना आधारासाठी धडपड. कर्जतला कपाळावर टाके पडले, एक्स-रे निघाला, हाड शाबूत ठरले आणि संध्याकाळी आपण घरी परतलो.

काही दिवसांनी पुन्हा तेच. मग गावच्या घराच्या पायऱ्या नकोत आणि दवाखाना जवळ असावा, म्हणून भिसेगावला तळमजल्यावर ही खोली घेतली. तू तिथेही पडलीस. तेव्हा खोपोलीचे मोठे रुग्णालय गाठले. प्रत्येक ठिकाणी जखमेवर उपचार झाले... पडण्यावर नाही.

त्यात तुझी एक सवय. डॉक्टरांकडे जायचे म्हणजे इस्त्रीची साडी आणि केसांत अबोलीचा गजरा हवाच. "कसं वाटतंय, आजी?" असे त्यांनी विचारले, की दारी आलेल्या पाहुण्याला सांगावे तसे तू सांगायचीस, "बरी हाय मी. तुमी जेवलाव का?"

डॉक्टर हसायचे. चालून दाखवा म्हटले, की तू लग्नाच्या मांडवात मिरवावे तशी ताठ चालून दाखवायचीस. "काका, आजी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत," असे मला ऐकवले जायचे. ती एकाएकी कोसळते, निदान दोन दिवस दाखल करून तिच्यावर लक्ष ठेवा, अशी विनंती मी केली. "कशासाठी दाखल करू? वय झालं की तोल जातोच," हे उत्तर मिळाले.

शेवटी तू त्यांच्यासमोरच पडलीस. खोपोलीच्या त्याच रुग्णालयात, तपासणीच्या खोलीबाहेर, भर सकाळी... मला वाटले, आता तरी यांना पटेल. त्या स्थितीतही मला क्षणभर हायसे वाटले, हेही इथे लिहून ठेवतो.

पण पलीकडे एक बाई फरशी पुसत होती. सिस्टर धावत आल्या त्या तिच्याच अंगावर. "ओल्यात पेशंट सोडतेस? अक्कल आहे का तुला?" ती बिचारी रडकुंडीला आली.

आणि तू, डोक्यातून रक्त येत असताना, खालूनच म्हणालीस, "तिला नका बोलू ओ. माझाच पाय घसारला. लेकुरवाळी दिसते ती... कामावरून काढाल."

झाले. पाय घसरला असेच ठरले. तुझी साडी कोरडी होती, पुसणे तुझ्यापर्यंत पोहोचलेलेही नव्हते, हे मी तीनतीनदा सांगितले. डॉक्टर म्हणाले, "काका, त्या स्वतः सांगताहेत ना? न घसरणाऱ्या चपला घ्या." त्या आपण शिळफाट्याच्या बाजारात घेतल्या. पुढच्या वेळी तू त्या चपलांसकट पडलीस.

तेव्हा कर्जतच्या दवाखान्यात नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखम बांधली आणि म्हणाल्या, "आजी, हात दाखवा बघू. दोन्ही."

तू लगेच, "भविष्य बगता का गं बाय?"

त्या हसल्या नाहीत. तुझे तळहात उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिले. "घसरणारा माणूस हात टेकतो, आजी. डोक्याला एवढं लागलंय आणि हातांवर साधं खरचटलेलंही नाही. पडायच्या आधीच तुमची शुद्ध जाते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हृदयाचे ठोके मधेच थांबत असावेत. पनवेलला छातीवर मशीन लावून दिवसभराचे ठोके तपासून घ्या. उशीर नको."

बाहेर रिक्षात बसल्यावर तू माझा हात धरलास. "म्हंजे मी येंधळी नाय ना ओ?" एवढेच विचारलेस. इतके दिवस तुला तेच लागून राहिले होते, हे मला तेव्हा कळले.

पनवेलला ते मशीन दुसऱ्या रुग्णाला लावलेले होते. आपल्याला पुढच्या सोमवारची वेळ मिळाली... तू रविवारी सकाळी गेलीस, चहा गाळता गाळता. सगळे डोक्याची जखम पाहत होते. मी तुझे हात उघडून पाहिले. कोरे होते.

त्या डॉक्टरीणबाईंचा मी ऋणी आहे. त्यांनी तुला वाचवले नाही, तेवढा अवधीच उरला नव्हता. पण तुझ्यावरचा वेंधळेपणाचा ठपका त्यांनी पुसला. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, घरात कोणी पडले तर जखमेबरोबर त्यांचे तळहातही पाहा. आणि डॉक्टरांपुढे त्यांना "बरी हाय" म्हणून सुटू देऊ नका.

आज खोली झाडून घेतली. घरमालकीण सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या. "सवाष्ण गेली ओ, नशिबाची..." म्हणाल्या, आणि मग हळूच, "पाय घसारला का वयनींचा?"

"नाही," मी म्हणालो. "तिचे हृदय थांबत होते. कोणी पाहिले नाही."

त्यांनी पदर तोंडाला लावला. चपला कोपऱ्यात तशाच होत्या, त्या मी पिशवीत घातल्या. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या सुलोचनाबाईंना परत केल्या.