टायरवर अठ्ठावीस, मापात एकतीस

व्हर्नियरच्या मापपट्टीवर एकतीस मिलिमीटर दिसलं. टायर पुसला, माप परत लावलं. परत एकतीस. टायरच्या अंगावर मात्र ठळक अक्षरात अठ्ठावीस छापलेलं.

रविवार होता, सकाळचे साडेसहा. क्रांती चौकाजवळच्या माझ्या सायकलच्या दुकानात मी एकटाच होतो. स्टँडवर एका डॉक्टरांची रोड बाईक होती. तिला नवा टायर चढवून, पूर्ण हवा भरून मी आदल्या दिवसापासून ठेवली होती. अगदी तोच टायर, तशाच रिमवर, मी शनिवारी कोमलच्या सायकलला चढवला होता. आणि कोमलची राज्य संघाची निवडचाचणी आठ वाजता चितेगावला, पैठण रोडवर सुरू होणार होती.

कोमल लासूर स्टेशनजवळची. घरी मेंढरं. वडील भीमराव मेंढरं राखतात, हंगामात दुसऱ्याच्या शेतावर जातात. पोरगी कॉलेजात शिकते आणि सायकल अशी चालवते की बघत राहावं. वयाच्या अटीमुळं तिची ही शेवटची चाचणी. यंदा नाही तर कधीच नाही.

टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात. तेवीस म्हणजे लई बारीक, पंचवीस मधला, अठ्ठावीस रुंद. बारीक टायर जास्त पळतो असा आपल्याकडं समज आहे. गुळगुळीत रस्त्यावर तो चालून जाईल. पैठण रोडच्या खडीवर बारीक टायर दगडासारखा टणक भरावा लागतो, मग सायकल उड्या मारते आणि पायातली ताकद वाया जाते. रुंद टायरला हवा कमी लागते, तो रस्त्याला धरून चालतो. कोमलचे सायकलिंगचे सर म्हणाले होते, "पंचवीस ठेवा, उगाच प्रयोग नको." मीच हट्टानं अठ्ठावीस चढवला.

चढवल्यावर तपासलं होतं. सायकलीच्या मागच्या दोन नळ्यांमधून चाक फिरतं, तिथली जागा तेहतीस. अडीच मिलिमीटर जाडीची ॲलन की, म्हणजे सहाकोनी चावी, टायरच्या दोन्ही बाजूंनी आरपार गेली. झालं, पास! पण सायकल टेम्पोतून उन्हात जाणार म्हणून मी हवा अर्धीच भरली होती. भीमरावांना सांगितलं, सकाळी पंपाच्या काट्यावर नव्वद येईपर्यंत हवा भरा. पूर्ण हवेत टायर फुगतो, त्यात रिम रुंद असली की आणखी पसरतो. मग दोन्ही बाजूंना राहिला एकेक मिलिमीटर. उभं राहून जोर लावला की चाक तेवढं सहज लवतं. टायर नळीला घासणार. एखादा खडा अडकला तर चाक जाम, आणि मागून येणाऱ्या सगळ्या पोरी तिच्या अंगावर.

दुकान काढण्याआधी मी वाळूजला कारखान्याच्या टूलरूममध्ये वीस वर्षं काढली. जॉबवर, म्हणजे हातातल्या सुट्या भागावर, काय लिहिलंय ते बघायचं नाही, मोजायचं, हे मीच नव्या लोकांना शिकवायचो. आणि इथं छापील आकड्यावर विसंबून बसलो. लाज वाटली.

फोन लावला. कोमल उचलेना. भीमरावांचा बंद. पंचवीसचा नवा टायर, ट्यूब आणि पंप पिशवीत कोंबला आणि स्कूटर काढली. रस्त्यात प्रत्येक सिग्नलला मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

सात पस्तीसला पोचलो. कोमल वॉर्मअप करून उभी होती.

"काका, तुम्ही? बरं झालं आलात. जोर लावला की मागं कायतरी घासल्यागत वाजतंय. चेन आहे का ती?"

मी खाली वाकलो. नळीच्या आतल्या बाजूचा रंग उडून पांढरी रेघ उमटली होती.

"चेन नाही. टायर बदलावा लागंल."

"आत्ता?" तिचा आवाज चिरकला. "पंचवीस मिनिटं राहिलीत! अन पुढचा?"

"पुढं जागा भरपूर आहे. पुढं अठ्ठावीस राहू दे, मागं पंचवीस."

"दोन चाकांना दोन टायर? सगळ्या हसतील."

"हसू दे. चाक फिरलं पाहिजे."

भीमराव डोक्याचा रुमाल सारखा करत जवळ आले. "मिस्तरी, झालं तरी काय?"

आता खरं सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "कंपनीचा माल खराब निघाला." भीमरावांनी मान हलवली. "देवासारखे आलात बघा." मला वर बघवेना.

नवा टायर लई घट्ट बसतो. अंगठे सोलून निघाले. ट्यूब कुठं चिमटली तर सुरुवातीलाच पंक्चर, म्हणून बोटांनी चाचपत सगळीकडून फिरवली. हवा भरली, ॲलन की घातली. आरामात गेली. आठला पाच कमी होते.

चाचणी तास-सव्वा तास चालली. मी पाणीसुद्धा प्यालो नाही. घाईत बसवलेला टायर, त्यात ती खडी. लांबून सायकली दिसल्या तेव्हा आधी मी तिचं मागचं चाक बघितलं, मग तिचा नंबर. तिसरी! चौघी घेणार होते. भीमराव तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि रडायला लागले.

मंगळवारी बापलेक दुकानात आले. पेढे माझ्या हातावर ठेवत भीमराव म्हणाले, "कंपनीनं फसवलं, पण तुमच्यामुळं निभावलं."

पेढा काही माझ्या तोंडात जाईना. म्हटलं, "भीमराव, माल चांगला होता. मीच पूर्ण हवेवर न मोजता चढवला. नंतर तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी कोमलकडं बघितलं. "पडली असती का?"

"व्हय. पडली असती."

"मंग मला काय सांगता? हिला सांगा. सायकलवर ही व्हती."

कोमलनं सगळं ऐकलंच होतं. "काका, मी घासतंय म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलं?"

"घाबरलो गं."

"मी पण घाबरले होते. आवाज कशाचा ते कळत नव्हतं, टायर बदलला तर तोही टिकंल का माहीत नव्हतं. तरी चालवलीच ना?"



आता माझ्याकडं टायर चढला की पूर्ण हवेवर एक दिवस राहतो, मग मोजूनच सायकल बाहेर जाते. गिऱ्हाईक कुरकुर करतं. त्याला मी कोमलची गोष्ट सांगतो, आणि चूक कुणाची होती तेही सांगतो. मोजायला मला दोन मिनिटं लागतात. चूक सांगायला अजूनही जास्तच लागतात.