होडीचा पाइप बदलला तो रविवार

माझे सासरे मोठ्या जहाजांवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात म्हणे, पण आमच्याकडे वसईतल्या पापडी गावात घरामागे बाग होतीच. ती त्यांनी धाकट्या भावाच्या हवाली केली आणि शिडाची एक जुनी होडी घेतली. फायबरची, दोन माणसं कशीबशी झोपतील एवढी केबिन, आणि वारा पडला तर घरी परतता यावं म्हणून पोटात छोटं डिझेल इंजिन. वसईच्या खाडीत मच्छीमारांच्या होड्यांच्या रांगेत ती अगदी टोकाला उभी असायची.

मी सोलापूरची. लग्नाआधी सगळ्यात मोठं पाणी पाहिलं होतं ते उजनीचं. आणि माझा नवरा, जहाजवाल्याचा मुलगा असून, होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायला लागतं. त्यामुळे बाबा एकटेच जायचे. संध्याकाळी परत आले की त्यांच्या आधी डिझेलचा वास घरात शिरायचा. हळूहळू तो वास त्यांच्या टोपीला, पिशवीला, डब्याला लागला. डब्यातली भाजी उरलीच तर ती मांजरही खाईना.

शेवटी बाबांनी दोष शोधून काढला. डेकवर एक झाकण असतं, तिथून डिझेल ओतलं की ते जाड रबरी पाइपातून खाली टाकीत उतरतं. तो पाइप होडीइतकाच म्हातारा. त्याला चिरा गेल्या होत्या, आणि होडी कलली की डिझेल झिरपायचं. नवीन पाइप त्यांनी मुंबईहून आणला. अडचण वेगळीच होती. टाकीच्या तोंडापर्यंत पोचायला एकच वाट होती, दोरखंड ठेवायच्या पेटीतून पोटावर सरपटत. बाबांचे गुडघे वाकत नव्हते.

एका रात्री जेवताना ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. एरवी आमचं बोलणं म्हणजे ‘चहा देऊ का?’ आणि ‘दे.’

“अगं,” ते म्हणाले, “तुझे खांदे तसे अरुंदच आहेत, नाही का?”

नवरा ताटात बघून हसत होता. रविवारी सकाळी नवऱ्याचा जुना टी-शर्ट चढवून मी त्या पेटीत उतरले.

आत अंधार, वास आणि भयंकर उकाडा. डोक्याला बॅटरी बांधली होती. बाबा वरून पेटीच्या तोंडाशी बसून सूचना देत होते, आणि त्या सूचना जहाजावर शंभर माणसांना द्याव्यात अशा आवाजात.

“क्लिपा दिसल्या? दोन असतील. सोडव.”

“गंजल्यात बाबा. स्क्रूची खाचच उरली नाही.”

“मग काप. ब्लेड उजव्या हाताला आहे.”

“उजवा हात माझ्या अंगाखाली आहे!”

मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, “मग डावीकडे सरकवतो.”

क्लिपा कापल्या तरी पाइप टाकीच्या तोंडाला चिकटूनच बसला. ओढला, पिळला, त्याला सोलापुरी शिव्या घातल्या. शेवटी चाकूने उभा चिरला, तेव्हा वाळक्या सालीसारखा सुटला. टाकीच्या तोंडात मी फडक्याचा बोळा कोंबला. बाबांनी वरचं टोक सोडवलं आणि तो म्हातारा पाइप बाहेर ओढून घेतला. त्याच्या जागी नवीन आत सरकवला. मला वाटलं, झालं काम.

कुठलं काय! नवीन पाइप इतका ताठ की टाकीच्या तोंडावर चढेचना. बोळा काढला, साबण लावला. सगळा जोर लावला. तो अर्ध्यावर येऊन अडून बसला.

“गरम पाण्यात टोक बुडवलं की मऊ पडतो,” बाबा म्हणाले.

“मग स्टोव्ह लावा.”

“डिझेल उघडं असताना? वेडी आहेस का?”

मी सरपटत बाहेर आले. केस चिकट, कोपरं काळी. विचार करताना नजर आमच्या दोन थर्मासांवर गेली. माझ्या चहात साखर होती. तो गोडवा डिझेलमध्ये गेला तर इंजिनाची वाट लागेल, एवढं मलाही कळत होतं. पण बाबांना मधुमेह. त्यांचा बिनसाखरेचा चहा रोज मीच करून द्यायचे.

“तुमचा चहा घेऊ या की! टोक बुडवू, नीट पुसू, झालं.”

“नको,” बाबा घाईघाईने म्हणाले. “चहा कशाला नासवायचा?”

“दुसरा करून देईन घरी.”

“चहात दूध असतं. पाइपाला बरं नाही.”

इतकी वर्षं जहाजाची इंजिनं सांभाळलेला माणूस असं काहीतरी बोलतोय म्हटल्यावर मला शंका आली. मी थर्मास उघडून कपभर ओतला आणि घोट घेतला. बासुंदी बरी!

बाबा लांब खाडीवरच्या पुलाकडे बघत होते.

“बाबा?”

“इथं हवा दमट असते,” ते म्हणाले. “थकवा येतो.”

मी केबिनमध्ये गेले. समुद्राचे नकाशे ठेवायच्या फळीखालचा खण उघडला तर कॉफीच्या बरणीत साखर, वर चमचा. मी रागवायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा शाळेत पकडलेल्या मुलासारखा झाला होता. मला हसूच फुटलं. मग तेही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“तुझ्या नवऱ्याला सांगणार नाहीस ना?”

“पाइप बसला की ठरवू,” मी म्हणाले.

गरम पाण्यासाठी मी काठावर गेले. ओहोटी लागली होती. फळीवरून उतरताना एक पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. समोरच्या घरात एक मावशी सुकट निवडत बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पडलीस काय गो?”

“नाही मावशी, होडी दुरुस्त करतेय. थोडं गरम पाणी मिळेल?”

“पानी देते. पन आधी त्वांड धू. पोरं भ्यायची.”

तिने किटलीभर उकळतं पाणी दिलं. ते सांभाळत मी परत आले तेव्हा होडी चिखलात टेकून एका बाजूला कलली होती. बाबा कठड्याला धरून उभे होते. त्यांनी पाइप बाहेर ओढून त्याचं टोक किटलीत बुडवून ठेवलं. मऊ झालं, पुसलं, आणि मी ते घेऊन पुन्हा आत गेले. या वेळी मात्र मी सांगत होते.

“बाबा, तुम्ही वरून ढकला, मी खालून फिरवते. माझ्या ‘हं’ वर.”

“बरं.”

“हं! ... थांबा. हं!”

पाइप चढला. अगदी शेवटपर्यंत. मी दोन्ही नव्या क्लिपा आवळल्या. टाकीपासून वरच्या झाकणापर्यंत जाणारी पातळ तांब्याची तारही जोडली, डिझेल भरताना ठिणगी पडू नये म्हणून. हे बाबांनी सांगितलं, आणि या वेळी शांतपणे सांगितलं. वरचं टोक त्यांनी स्वतः बसवलं.

मग भरतीची वाट बघायची होती. तिरप्या होडीत तिरके बसून आम्ही पोळीभाजी खाल्ली. बाबांनी मला पहिल्यांदाच त्यांच्या जहाजावरच्या गोष्टी सांगितल्या. सासूबाई एकदा त्यांच्याबरोबर जहाजावर गेल्या होत्या. त्या एका बंदरात उतरल्या तर तिथल्या बाजारातून फक्त पाटा-वरवंटा शोधत फिरल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या. बाबा बोलत होते आणि मी विचारत होते. पाणी कधी चढलं, होडी कधी सरळ झाली, कळलंच नाही.

कॅनमधून डिझेल भरलं, अगदी काठोकाठ. दोघांनीही पेटीत डोकं घालून वास घेतला. रबराचा आला, साबणाचा आला. डिझेलचा नाही.

“चल, बघू या कलल्यावर काय होतं,” बाबा म्हणाले.

इंजिनावर आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे वारा लागला. बाबांनी शीड उभारलं, इंजिन बंद केलं आणि सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. होडी एका अंगावर कलली. मी घाबरून ओरडले, आणि लगेच हसलेही.

“डावीकडे मुंबई, उजवीकडे अर्नाळा,” ते म्हणाले. “सांग, कुठं नेतेस?”

अर्नाळ्याकडे न्यायला मी दांडा उजवीकडे ढकलला. होडी उलटी, डावीकडे वळली. बाबांनी माझ्या हातावर हात न ठेवता, फक्त बोटाने दांडा ढकलायची दुसरी बाजू दाखवली.