पाण्यापुरता माणूस

"पाण्यापर्यंत मी, वहिनी. लायटीपासून पुढं माजं काम न्हाय."

हे वाक्य आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराने ऐकलं आहे. गीझरखालचा नळ बदलायचा असला की मामा आधी बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहायचे आणि घरातल्या माणसाला बटण बंद करायला लावायचे. ते झालं की मेन स्विच. तो खाली पडला की पुन्हा विचारायचे, "नक्की?" मगच आत. अख्ख्या नेरूळचे नळ दुरुस्त करणारा हा माणूस दुसऱ्याच्या घरातलं ट्यूबलाइटचं बटणसुद्धा स्वतः दाबायचा नाही. बायका हसायच्या. मामाही हसायचे, पण बटणाला हात लावायचे नाहीत.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल. नाव कुणाला माहीत नसतं, मोबाइलमध्ये 'प्लंबर' म्हणून नंबर असतो आणि नळ गळायला लागल्याशिवाय त्याची आठवण येत नाही. आमच्याकडे ते सगळ्यांचे मामा होते. मूळचे सातारकडचे. वाशीच्या मार्केटात ओझी उचलायला आले, पाठ धरली, मग कुणा ठेकेदाराच्या हाताखाली पाइप जोडायला शिकले. हत्यारं मुलीच्या जुन्या शाळेच्या दप्तरात असायची. दप्तरावर एक गुलाबी फुलपाखरू होतं. पाना-पकडीच्या वजनाने ते खाली झुकलेलं असायचं.

त्यांना आमचं सगळ्यांचं खाणंपिणं माहीत होतं. बेसिनखालचा पाइप उघडला की ते आत बघायचे आणि मान हलवायचे. "काल शेवयांची खीर हुती वाटतं." एकदा आमच्याकडे म्हणाले, "वहिनी, भाजी करपली म्हनून हितं वतली नव्हं? साहेबांना कळलं न्हाय, पर पाइपाला कळलं." माझे यजमान बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. मी मामांना चहा विचारला.

तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर डोक्यावर, मंदा राहायची. नवरा महाप्याला एका कारखान्यात, पदरात एक मुलगी आणि घरात लहान मुलांच्या शिकवण्या. तिचं आईने दिलेलं कानातलं एकदा बेसिनमधून खाली गेलं. रडून रडून तिने डोळे लाल केले होते. मामांनी सगळा पाइप सोडवला, गाळ जुन्या कागदावर पसरला आणि बोटाने चाचपत बसले. कानातलं सापडल्यावर ते त्यांनी लगेच दिलं नाही. आधी विचारलं, "भात टाकता का हो बेसिनात?" मंदा म्हणाली, "टाकते." "आता?" "आता नाही टाकणार." मग तळहातावर ठेवून पुढे केलं.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुणाकडेही काम असलं तरी मामांचा चहा मंदाकडे ठरलेला. शिकवणीची पोरं जमिनीवर पाढे म्हणत असायची, मामा त्यांच्यातच मांडी घालून बसायचे. कुणी चुकलं की बशीतून मान वर करून दुरुस्त करायचे. मंदा म्हणायची, "मामा, तुम्हीच घ्या शिकवणी, मी नळ बघते." त्यावर ते इतके खूश व्हायचे, की तेच वाक्य खाली येऊन आम्हाला सांगायचे.

आमची बिल्डिंग जुनी. पाइप लोखंडाचे, आतून गंजलेले. सकाळी पहिलं पाणी चहासारखं यायचं. अखेर सोसायटीने सगळे उभे पाइप बदलायचं ठरवलं आणि काम मामांकडे आलं. गच्चीवरच्या टाकीपासून खालपर्यंत त्यांनी पांढरे प्लास्टिकचे पाइप टाकले. असं नेटकं काम मी क्वचितच पाहिलं. बहुतेकांनी घरातल्या भिंतींतले पाइप मात्र तसेच ठेवले, कारण टाइल्स फोडायची कुणाची तयारी नव्हती. पहिल्या दिवशी स्वच्छ पाणी आलं तेव्हा मामांनी सगळ्या मजल्यांवर जाऊन स्टीलच्या ग्लासात ते धरून दाखवलं. जणू ते पाणी त्यांनीच केलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मंदाने त्यांना जिन्यात थांबवलं. मी दारातच होते, म्हणून ऐकलं.

"मामा, बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं हो. गीझर चालू असला की."

मामा एकदम गंभीर झाले. "ते पान्याचं न्हाय. लायटीचं हाय. लाईटवाल्याला बोलवा."

"बोलावते रविवारी."

"बोलवाच," म्हणाले, आणि दप्तर खांद्यावर टाकून खाली उतरले.

बोलणं एवढंच झालं. त्यांनी सांगितलं ते बरोबर सांगितलं. मंदानेही टाळलं नाही. नवऱ्याला सुट्टी रविवारची, म्हणून रविवार म्हणाली.

रविवार यायच्या आत ते झालं. सकाळची वेळ, मुलगी शाळेला गेलेली. मंदा आंघोळीला गेली आणि नळ सोडताना तिला धक्का बसला. दार आतून लावलेलं. मी तेव्हा कामावर होते. फोन आला, रिक्षाने परत आले, तोवर तिला नेलेलं होतं. हॉस्पिटलमधून ती परत आली ती पांढऱ्या चादरीतच. खाली बदामाच्या झाडाजवळ माणसं जमली होती. मामा त्यांच्यात नव्हते. ते मीटरच्या खोलीच्या पायरीवर एकटे बसले होते, आणि दप्तर त्यांनी मांडीवर घट्ट धरलं होतं.

दिवस-कार्य झाल्यावर सोसायटीने सानपाड्याहून एक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने मंदाचं बाथरूम उघडं केलं. तपासून तो जिन्यात आला, तेव्हा मामा तिथे उभे होते. कमिटीची मंडळी, मंदाचा नवरा आणि आम्ही दोन-चार शेजारीही होतो.

"काय झालं ते मला सांगा," मामा म्हणाले. "समजंल असं सांगा."

इलेक्ट्रिशियन तरुण होता. नीट सांगितलं त्याने. "काका, गीझरचा रॉड आतून खराब झालेला. म्हणून करंट त्याच्या पत्र्यात उतरत होता. अशा वेळेला अर्थिंगची हिरवी वायर तो करंट घेऊन जमिनीत सोडते. माणसाला काय होत नाय. पण या बाथरूमला अर्थिंग आलेलीच नाय. आधी कुणीतरी हिरवी वायर पाण्याच्या पाइपला गुंडाळून टाकलीय. जुन्या घरांत करायचे असं."

"मग इतकी वर्सं काय झालं न्हाय ते?"

"पाइप लोखंडाचा होता ना. सरळ खाली जमिनीत गेलेला. करंट त्याच्यातून उतरून जायचा."

 आम्हाला सगळ्यांना तेव्हाच कळलं, आणि त्यांनाही. तरी त्यांनी ते तोंडाने बोलून दाखवलं.

"आन मी प्लास्टिक घातलं."

"तुमीच नाय, सगळेच घालतात आता. तुमाला काय माहीत वर वायर बांधलीय ते?"

"प्लास्टिकातनं करंट जात न्हाय."

"नाय जात. मग तो भिंतीतल्या लोखंडात आन नळात अडकून बसला. वाट मिळाली ती..." तो मुलगा थांबला. मंदाचा नवरा समोर उभा होता.

"ती मंदाताईतनं मिळाली," मामा म्हणाले.

मंदाचा नवरा पुढे आला. "मामा, तुमची चूक नाही," असं तो स्पष्ट म्हणाला. पोलिसांनीही अपघात म्हणूनच लिहून घेतलं होतं आणि कमिटीही तेच म्हणाली. ते खरंही होतं. मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हात जोडून ते जिना उतरले.

सोसायटीने लगोलग सगळ्या घरांना नीट अर्थिंग करून घेतलं, शिवाय करंट गळायला लागला की आपोआप लाइट तोडणारी बटणंही बसवली. आम्ही सुटलो. मामा सुटले नाहीत. त्यांनी आणखी किती ठिकाणी लोखंड काढून प्लास्टिक घातलं होतं, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. नेरूळ, जुईनगर, सानपाडा. त्यांनी नवी कामं घेणं बंद केलं आणि जुन्या कामांची दारं वाजवायला सुरुवात केली.

एका रविवारी ते माझ्याकडे आले. "वहिनी, संगं येता का? माज्यासाटी दार उघडत न्हाईत. बाईमानूस असलं की उघडतील."

मी गेले. तेव्हा कळलं की हे काम किती अवघड होतं. नळ गळत असताना ज्यांना मामा देवासारखे वाटले होते, ते आता साखळी न काढता फटीतून बोलत होते. "आमचं काही बिघडलेलं नाही." "मुलगा घरी नाही." "कुठल्या कंपनीकडून आलात?" एक जण म्हणाला, "प्लंबर ना तुम्ही? मग लाइटीत कशाला लक्ष घालता?" मामा यावर काय म्हणतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "चुकलंच माजं ते. आदीच घालाया पायजे हुतं." त्या माणसाला काहीच कळलं नाही. त्याने दार लावून घेतलं.

सानपाड्याला एका म्हाताऱ्या जोडप्याने आम्हाला आत घेतलं. आजोबांना ऐकू कमी येत होतं. आजी म्हणाल्या, "बघा काय बघायचं ते." आमच्याबरोबर तोच तरुण इलेक्ट्रिशियन होता. त्याने मेन कुठे आहे विचारलं. आजी उठायच्या आत मामा स्वतः पुढे गेले आणि त्यांनी हात वर करून मेन स्विच खाली पाडला. 

गीझरमागे हिरवी वायर होती, पाइपला गुंडाळलेली. गीझर धडधाकट होता, म्हणून अजून काही झालं नव्हतं. इलेक्ट्रिशियनने ती सोडवली आणि नवी वायर ओढून मीटरजवळच्या अर्थिंगपर्यंत नेली. काम संपेपर्यंत मामा बाथरूमच्या दारातून हलले नाहीत. सगळं तपासून झाल्यावर आजींनी नळ सोडला, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि पदराने पुसलं. मामा ते बघत होते. मग एकदम वळून बाहेर गॅलरीत गेले. मी मागोमाग गेले तर कठड्याला धरून ते रडत होते, आवाज न करता.

मी म्हणाले, "मामा, एक घर वाचलं."

"वाचलं," ते म्हणाले. "बरं झालं. पर ज्या घरचा च्या प्यालो, ते न्हाय वाचलं."

  दोष नसताना माणूस स्वतःला दोषी धरतो तेव्हा त्याला कुणी सोडवायचं? मामा तर पायरीने वागलेले. आपलं काम कुठे संपतं ते त्यांना पक्कं माहीत होतं आणि तिथे ते थांबायचे. पण घरातलं पाणी आणि घरातली वीज एकाच भिंतीत राहतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्याने वायर बांधली त्याला प्लास्टिकचं ठाऊक नव्हतं, ज्याने प्लास्टिक घातलं त्याला वायरीचं. दोघांच्या मधे मंदा उभी होती.

पुढे मामा गावी गेले. तब्येत बरी नाही असं कळलं. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पुतण्याचा फोन आला, मामा गेले म्हणून. बिल्डिंगमध्ये सांगितलं तेव्हा नव्याने आलेल्यांनी विचारलं, "कोण मामा?" आता नळ बिघडला की अॅपवरून माणूस येतो. गणवेशात असतो, हुशार असतो, पाच मिनिटांत जातो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गावाहून एकदा काही कामाने आले होते तेव्हा. मंदाचा नवरा मुलीला घेऊन बहिणीजवळ राहायला गेला होता आणि वरच्या घरात नवं जोडपं भाड्याने आलं होतं. मामा माझ्याकडे पाणी प्यायले, चहा नको म्हणाले. निघतो म्हणाले आणि खाली जाण्याऐवजी वर चढले. मी दारातच उभी राहिले. वर कुणीतरी दार उघडल्याचा आवाज आला.

"काका, कुणाकडे आलात?" नव्या बिऱ्हाडातल्या तरुणीने विचारलं.



"कुनाकडं न्हाय, बाई," मामा म्हणाले. "मजला चुकला."

आणि कठड्याला धरत, एकेक पायरी बघत ते खाली उतरले. माझ्या दारावरून जाताना त्यांनी मान वर केली नाही. मीही हाक मारली नाही.